स्वस्त इलेक्ट्रिक गिटार हेवी मेटलसाठी सज्ज करताना: नागपुरातील नवोदितांसाठी क्रमवार मार्गदर्शन

हेवी मेटल शिकू पाहणाऱ्या बहुतेकांच्या हाती पहिली इलेक्ट्रिक गिटार येते ती दहा ते वीस हजार रुपयांच्या आसपासची: यामाहाची पॅसिफिका, आयबानेझची जीआरजी, कॉर्टची एक्स, जॅक्सनची जेएस, किंवा फेंडरच्या स्क्वायर नावाखाली येणारी एखादी. या गिटार वाईट नसतात. त्यांची बॉडी आणि नेक अलीकडे पुष्कळ बरे असतात. पैसा वाचवलेला असतो तो सुट्या भागांत आणि कारखान्यातील शेवटच्या जुळवणीत. वाजवणाऱ्याला मात्र काही महिन्यांतच आवाज गढूळ वाटू लागतो, आणि पहिला सल्ला मिळतो तो पिकअप, म्हणजे तारांचे कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग, बदलण्याचा. माझे मत स्पष्ट आहे: पिकअप सर्वांत शेवटी बदलावा, आणि अनेकदा तो बदलावाही लागत नाही.

याचे कारण डिस्टॉर्शनच्या, म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या आवाजाच्या, स्वभावात आहे. पॉवर कॉर्डमध्ये मूळ स्वर आणि त्याचा पंचम एकत्र वाजतात, आणि डिस्टॉर्शन त्या दोहोंच्या मिश्रणातून नवे स्वर निर्माण करते. तारा सुरात असतील तर दोन्ही स्वरांच्या कंपनसंख्यांचे प्रमाण दोनास तीन असे राहते, आणि त्यांच्या फरकातून मूळ स्वराच्या एक सप्तक खालचा स्वर उमटतो. रिफला (पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या छोट्या ओळीला) येणाऱ्या भरदारपणाचा मोठा वाटा या स्वराचा असतो. एक तार किंचित जरी उतरली, तरी हाच खालचा स्वर थरथरू लागतो आणि सगळा कॉर्ड गढूळ होतो. साध्या, स्वच्छ आवाजात जो बेसूरपणा कानाआड होतो, तो मेटलमध्ये लपत नाही. म्हणून आधी गिटार सुरात राहिली पाहिजे, तिच्यावरचा प्रत्येक स्वर खरा लागला पाहिजे, आणि त्यानंतर विजेच्या भागाकडे वळले पाहिजे. पुढील सर्व टप्पे याच क्रमाने दिले आहेत आणि घरच्या टेबलावर करता येण्याजोगे आहेत.

लागणारी साधने आणि कागद

- एलन की संच. ट्रस रॉडला (नेकच्या आतली, त्याचा वाक ठरवणारी सळई) बहुधा 4 किंवा 5 मिलिमीटरची आणि सॅडलला (ब्रिजवर तार जिथे टेकते तो तुकडा) बहुधा 1.5 मिलिमीटरची की लागते. सैल बसणारी की कधीही वापरू नये, कारण तिने आतले कोपरे झिजतात.
- फीलर गेज. मोटारसायकलचे टॅपेट सेट करताना मेकॅनिक जे वापरतो तेच. वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात ते स्वस्तात मिळते.
- अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा कॅपो, आणि क्रोमॅटिक ट्युनर. मोबाइलवरील ट्युनरही चालतो.
- 25 ते 40 वॉटची सोल्डरिंग आयर्न, रोझिन असलेली 0.8 मिलिमीटरची सोल्डर तार, साधा मल्टिमीटर. हे सर्व बर्डीतील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळते.
- चिकट बाजूनेही वीज वाहणारी तांब्याची टेप, मास्किंग टेप आणि वायर कटर.
- खरेदीचे बिल आणि वॉरंटी कार्ड. वॉरंटी चालू असल्यास लाकूड कोरण्याचे किंवा सोल्डरिंगचे काम ती संपेपर्यंत पुढे ढकलावे. काढलेला प्रत्येक जुना भाग पाकिटात नाव घालून ठेवावा. गिटार विकताना तो उपयोगी पडतो.

1. गिटार खर्च करण्याजोगी आहे का, हे आधी पाहावे

हेडस्टॉकच्या बाजूने नेककडे डोळा लावून बघावे. नेक पुढे वा मागे थोडा वाकलेला असल्यास हरकत नाही, कारण तो ट्रस रॉडने दुरुस्त होतो. पण तो पिळवटलेला दिसत असेल, म्हणजे एका कडेची रेषा दुसऱ्या कडेशी जुळत नसेल, तर त्या गिटारवर पैसा लावू नये. ट्रस रॉडचा नट दोन्ही दिशांना थोडा फिरतो की नाही, हेही पाहावे. त्यानंतर प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकदा वाजवावा. एखाद्या ठिकाणीच आवाज मरत असेल, तर तो फ्रेट उचललेला किंवा शेजारचा फ्रेट उंच आहे, आणि ते काम जाणकाराकडून करून घ्यावे. फ्रेट घासून समतल करणे हे या सगळ्यात एकच काम असे आहे, जे नवोदिताने स्वतः करू नये.

2. ट्युनिंग ठरवावे आणि त्यानुसार तारा घ्याव्यात

हा टप्पा बहुतेक जण सोडून देतात, आणि पुढचे सगळे त्यावरच अवलंबून असते. प्रत्येक गिटार एका ठरावीक ताणासाठी जुळवली जाते. आज ई स्टँडर्ड (नेहमीचे ट्युनिंग), उद्या ड्रॉप सी (सर्वांत जाड तार सी स्वरापर्यंत उतरवलेले) आणि परवा पुन्हा ई असे केल्यास नेक दर वेळी वेगळा वाकतो आणि कोणतीच जुळवणी टिकत नाही. एका गिटारला एकच ट्युनिंग ठेवावे.

स्वर खाली उतरवण्याची रीत या संगीतात सुरुवातीपासून आहे. पत्र्याच्या कारखान्यातील अपघातात ब्लॅक सॅबथचे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. ते डावखुरे असल्याने तारा दाबण्याचा हात तोच होता, आणि बोटांना सोसावे म्हणून ते हलक्या तारा व उतरवलेले ट्युनिंग यांकडे वळले. आज आपण मात्र उलट करतो: स्वर जितका खाली, तितकी तार जाड, म्हणजे ताण टिकून राहतो आणि पाम म्यूट करताना (तळव्याची कड तारांवर टेकवून वाजवताना) तार लोंबत नाही.

25.5 इंच स्केलच्या (मोकळ्या तारेची वाजणारी लांबी) गिटारसाठी ई स्टँडर्ड किंवा ड्रॉप डीला 10-46 (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत), खालच्या तारा अधिक घट्ट हव्या असल्यास 10-52. डी स्टँडर्डला 11-49 किंवा 10-52. ड्रॉप सीला 11-54 किंवा 12-56. आणि ड्रॉप बीला 12-60 हा संच घेऊन सुरुवात करावी. एपिफोन लेस पॉलसारख्या 24.75 इंच स्केलच्या गिटारवर त्याच स्वराला ताण कमी पडतो, म्हणून एक पायरी जाड संच घ्यावा. ई स्टँडर्डमधील 10-46 च्या सहा तारा मिळून नेकवर सुमारे 45 किलो वजनाइतका ओढ असतो, हे लक्षात घेतले म्हणजे तारा बदलताच नेक का हलतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

नवी तार चढवल्यावर ती बाराव्या फ्रेटपाशी बोटांनी हलकेच वर ओढून पुन्हा सुरात आणावी, आणि ती उतरणे थांबेपर्यंत हे करत राहावे. पेगवर जाड तारांचे दोन आणि बारीक तारांचे तीन वेढे पुरेत. जास्त वेढे म्हणजे जास्त घसरण.

3. ब्रिज स्थिर करावा

बॉडीवर तारा धरणारा भाग म्हणजे ब्रिज. ट्रेमोलो ब्रिज मागच्या स्प्रिंगांच्या आधारावर तरंगत असतो. एक तार उतरवली की स्प्रिंगा ब्रिजला मागे खेचतात आणि बाकीच्या पाच तारा चढतात; ड्रॉप ट्युनिंगमध्ये होणाऱ्या निम्म्या वैतागाचे मूळ इथे आहे. रिफ हाच ज्याच्या वाजवण्याचा गाभा आहे, त्याने हा ब्रिज सरळ बंद करावा, असे माझे ठाम मत आहे.

गिटारच्या पाठीमागचे प्लास्टिकचे झाकण काढले की स्प्रिंगा आणि त्यांना धरणारी पट्टी दिसते. त्या पट्टीचे दोन्ही स्क्रू सारखे घट्ट करत जावे, म्हणजे ब्रिजची प्लेट बॉडीवर सपाट बसते. गरज पडल्यास पाचही स्प्रिंगा लावाव्यात. मग ब्रिजचा धातूचा ठोकळा आणि पोकळीची भिंत यांमधले अंतर मोजून त्या मापाचा लाकडी तुकडा तिथे घट्ट बसवावा. सुताराकडे सागाचे उरलेले तुकडे असतातच. मोजमाप अर्ध्या मिलिमीटरपर्यंत नेमके सांगितले की तो पाच मिनिटांत करून देतो. स्प्रिंगा धरणाऱ्या पट्टीला विजेची एक तार सोल्डर केलेली असते. ती गिटारच्या सर्व तारांचा ग्राउंड आहे. ती तुटू देऊ नये.

फ्लॉइड रोझ पद्धतीच्या (दोन्ही टोकांना तारा आवळून धरणाऱ्या ट्रेमोलोच्या) स्वस्त ब्रिजबाबत अधिक सावध राहावे. ते ज्यांवर झुलतात त्या धारा मऊ धातूच्या असतात, लवकर बोथट होतात, आणि त्यानंतर ब्रिज आपल्या मूळ जागी परत येत नाही. धार गेली असेल तर ब्रिज लाकडाने रोखून ठेवणे हाच परवडणारा उपाय आहे.

4. सेटअप करावा

याचा क्रम बदलू नये. निवडलेल्या तारा, ठरलेले ट्युनिंग, आणि मग पुढील गोष्टी.

नेकचा वाक: पहिल्या फ्रेटवर कॅपो लावावा आणि जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबावी. आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी जाड तार आणि फ्रेट यांत 0.2 ते 0.25 मिलिमीटर फट असावी. त्या जाडीचे फीलर गेजचे पान तारेला न उचलता, पण किंचित स्पर्श करून सरकले पाहिजे. फट जास्त असल्यास ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने, कमी असल्यास उलट दिशेने फिरवावा. एका वेळी पाव फेऱ्याहून कमी, आणि घट्ट करण्याआधी तारा थोड्या सैल करून. नंतर पुन्हा सुरात आणून मोजावे. ट्रस रॉडचा नट फिरण्यास नकार देत असेल तर जोर लावू नये, तिथेच थांबावे.

नट (हेडस्टॉकपाशी तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी): जाड तारा जुन्या खाचांत अडकतात, आणि ट्युन करताना टिंग असा आवाज येऊन स्वर एकदम उडी मारतो. अनेकांना हा पेगचा दोष वाटतो आणि ते महागडे लॉकिंग पेग विकत घेतात. दोष नटचा असतो. गॅस वेल्डिंगचे नोझल साफ करण्यासाठी बारीक खरखरीत सळयांचा एक संच मिळतो, इतवारीच्या हार्डवेअर बाजारात तो मागावा. तारेच्या जाडीहून किंचित मोठी सळई घेऊन खाच रुंद करावी, तिचा उतार हेडस्टॉककडे ठेवावा आणि खोली मुळीच वाढवू नये. नंतर खाचेत मऊ पेन्सिलचे शिसे घासावे. तपासणीसाठी तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबावी. पहिल्या फ्रेटवर केसाइतकी फट दिसली की नट ठीक आहे. फट दिसत नसेल आणि मोकळी तार खरखरत असेल, तर खाच खोल गेली आहे आणि नवा नट बसवावा लागेल. घेताना रुंदी मोजून घ्यावी, कारण 42 आणि 43 मिलिमीटर हे दोन्ही आकार बाजारात आहेत.

ॲक्शन (तारेची फ्रेटपासूनची उंची): बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली 1.8 ते 2 मिलिमीटर आणि बारीक तारेखाली सुमारे 1.5 मिलिमीटर. याहून खाली जाण्याचा मोह आवरावा. मेटलमध्ये उजवा हात जोरात पडतो, आणि फार खाली बसलेली तार फ्रेटवर आपटून तिचा खणखणीतपणा जातो.

इंटोनेशन (फ्रेटवर दाबलेला स्वर खरा लागणे): बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर) आणि दाबलेला स्वर ट्युनरवर ताडून पाहावा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे न्यावा. हे नव्या तारांवरच करावे. जाड तारेचा सॅडल मागे न्यायला जागा उरली नाही, तर ती तार फार जाड आहे असे समजावे.

5. पेग

पेग बदलण्यापूर्वी हेडस्टॉकवरील त्यांचे स्क्रू आणि वरचे षट्कोनी नट घट्ट करून पाहावेत. बहुतेक वेळा एवढ्याने काम भागते. तरीही पेग फिरवताना मध्येच मोकळा जात असेल तर बदलावा. नवा घेताना छिद्राचा व्यास मोजावा, अन्यथा लाकूड कोरावे लागते.

6. नागपूरच्या हवेत गिटार कशी ठेवावी

बाहेरच्या देशांतले मार्गदर्शन वाचून हा भाग समजत नाही, म्हणून तो विस्ताराने लिहितो. मे महिन्यात इथला पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. जूनच्या मध्यानंतर तीच हवा दमट होते. फ्रेटबोर्डचे लाकूड उन्हाळ्यात आक्रसते, धातूचे फ्रेट आक्रसत नाहीत, आणि त्यांची टोके नेकच्या कडेला बाहेर येऊन हाताला टोचू लागतात. टोके घासायला लगेच घेऊ नयेत. आधी रोझवूडच्या फ्रेटबोर्डला त्यासाठी मिळणारे तेल हलके पुसून लावावे आणि गिटार काही दिवस केसमध्ये ठेवावी. त्यानंतरही टोचत असेल तरच बारीक कानशीने टोके घासून बोथट करावीत. दुकानात मिळणारे लेमन ऑइल हे बहुधा सुगंधी खनिज तेल असते. घरचे लिंबू किंवा खोबरेल तेल फ्रेटबोर्डला लावू नये.

आपल्या घरांतला मोठा धोका म्हणजे कूलर. खोलीत कूलर चालू असताना त्याच्या झोताची हवा ओलसर असते आणि दुपारी तो बंद झाला की खोली पुन्हा कोरडी पडते. ही रोजची उलथापालथ नेक हलवते, आणि तारा पंधरा दिवसांत गंजतात. गिटार भिंतीवर टांगून ठेवणे सुंदर दिसते खरे, पण मार्च ते जून ती केसमध्येच, कूलरच्या झोतापासून दूर असावी. नवतप्याच्या दिवसांत ती उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत क्षणभरही ठेवू नये. सांध्यांचा गोंद मऊ पडतो. ट्रस रॉड वर्षातून दोनदा तपासावा: एकदा एप्रिलमध्ये, एकदा पाऊस स्थिरावल्यावर.

7. गुणगुण आणि अर्थिंग

जास्त गेनवर (डिस्टॉर्शन वाढवल्यावर) होणारी गुणगुण कमी करण्यापूर्वी घराचे अर्थिंग तपासावे, कारण हा जिवाचा प्रश्न आहे. गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात. तारांना हात लावताच झिणझिण्या आल्या तर वाजवणे लगेच थांबवावे, प्लग काढावा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्यावे. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातील माती वाळली की त्याचा रोध वाढतो, म्हणूनच जुन्या घरांत त्या खड्ड्यात पाणी घालण्याची पद्धत आहे. गुणगुण जावी म्हणून प्लगची तिसरी पिन तोडण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो अजिबात ऐकू नये.

अर्थिंग ठीक असल्यावर तपासणी सोपी आहे. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते, तर ग्राउंड शाबूत आहे आणि उणीव शील्डिंगची (बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणाऱ्या आवरणाची) आहे. काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजची ग्राउंड तार सुटली आहे. पंख्याचा किंवा कूलरचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर त्याच खोलीत असेल, तर तो एकदा बंद करून ऐकावे; बऱ्याचदा आवाज तिथूनच येतो. शील्डिंगसाठी पिकअप आणि कंट्रोलच्या पोकळ्यांना आतून तांब्याची टेप लावावी, प्रत्येक तुकडा दुसऱ्यावर चढवावा, आणि सगळ्याला एका तारेने ग्राउंड जोडावा. टेप जॅकच्या गरम, म्हणजे सिग्नल वाहणाऱ्या, टोकाला शिवत नाही ना, ते बघावे. शिवली तर आवाजच बंद होतो.

8. पिकअप घेण्यापूर्वी ॲम्प्लिफायर ऐकावा

गिटार जुळली की ती एखाद्या मित्राच्या चांगल्या ॲम्प्लिफायरवर वाजवून पाहावी. दहा वॉटच्या, लहान स्पीकरच्या सराव-ॲम्पमधून ड्रॉप सीचा खर्ज निघतच नाही, आणि त्याचा दोष पिकअपवर येतो. ऑडिओ इंटरफेस असेल तर संगणकावरील न्यूरल ॲम्प मॉडेलर हे मोफत सॉफ्टवेअर आणि एखादा चांगला स्पीकर आयआर (स्पीकरच्या आवाजाचा नमुना असलेली फाइल) वापरूनही हीच परीक्षा होते. ट्यूब स्क्रीमर प्रकारचा ओव्हरड्राइव्ह पेडल, त्याचा ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल पूर्ण ठेवून, ॲम्पच्या आधी लावावा; तो खर्जातला फुगवटा कापतो आणि पाम म्यूट घट्ट करतो. गेन वाटते त्याहून कमी ठेवावे आणि मिड (मधल्या स्वरांचा नॉब) शून्यावर नेऊ नये.

9. पिकअप

एवढे करूनही पाम म्यूटमधले स्वर एकमेकांत मिसळत असतील, किंवा वाजवणे थांबवताच पिकअप शिट्टी मारत असेल, तर बदल योग्य आहे. स्वस्त पिकअपच्या वेटोळ्यांत मेण नीट भरलेले नसते, त्यामुळे जास्त गेनवर ती स्वतःच कंप पावून किंचाळतात. सुरुवातीला फक्त ब्रिजपाशी असलेला पिकअप बदलावा; रिफ तिथूनच वाजतात, आणि नामांकित कंपनीच्या एका हंबकरची (दोन वेटोळ्यांच्या पिकअपची) किंमतही गिटारच्या किमतीच्या मानाने मोठी असते.

डिमार्झिओचा 1972 चा सुपर डिस्टॉर्शन, सेमूर डंकनचा जेबी, आणि 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा ईएमजी 81 हे तीन पर्याय आजही टिकून आहेत. सुपर डिस्टॉर्शन आणि ईएमजी 81 यांत सिरॅमिक चुंबक असून त्यांचा आवाज घट्ट असतो. जेबीत अल्निको चुंबक आहे आणि त्याचा मध्यभाग उठून दिसतो. ड्रॉप ट्युनिंगला मी घट्ट आवाजाचाच पर्याय सुचवीन. तीन सिंगल कॉइल असलेल्या गिटारमध्ये लाकूड न कोरता बसणारे, सिंगल कॉइलच्या आकाराचे रेल हंबकर मिळतात. मागवण्यापूर्वी ब्रिजवरील पहिल्या ते सहाव्या तारेचे अंतर मोजावे. पिकअप सुमारे 49 आणि सुमारे 51 मिलिमीटर अशा दोन अंतरांत येतात, आणि फेंडर पद्धतीच्या ब्रिजला दुसरे लागते.

जुनी जोडणी उकलण्याआधी तिचे फोटो काढावेत. पिकअपच्या तारांचे रंग कंपनीनुसार बदलतात, आणि सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. सेमूर डंकनमध्ये काळी तार गरम, हिरवी आणि उघडी ग्राउंडला, लाल व पांढरी एकमेकींना जोडून टेपने झाकायच्या. डिमार्झिओमध्ये लाल गरम, हिरवी आणि उघडी ग्राउंडला, काळी व पांढरी एकमेकींना. हंबकरसाठी 500 किलोओहमचा पॉट (नॉब ज्यावर बसतो तो भाग) घ्यावा आणि छिद्राचा व्यास व नॉबचे दाते आधी जुळवून पाहावेत. पॉटच्या पाठीवर ग्राउंड सोल्डर करताना पृष्ठभाग सँडपेपरने घासून, आयर्नचे रुंद टोक टेकवून, सोल्डर पाण्यासारखे पसरेपर्यंतच उष्णता द्यावी. नळजोडणीचे ॲसिड फ्लक्स इथे वापरू नये.

ईएमजीला 25 किलोओहमचे पॉट आणि स्टिरिओ जॅक लागतो, आणि ते संचात सोबत येतात. बॅटरीसाठी पोकळीत जागा आहे का, ते आधी पाहावे. केबल जॅकमध्ये राहिली की बॅटरी चालूच राहते, म्हणून वाजवून झाल्यावर ती काढायची सवय लावावी.

तारा चढवण्यापूर्वी जॅकमध्ये केबल घालून, व्हॉल्यूम पूर्ण उघडून, केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावावा. पॅसिव्ह (बॅटरी नसलेला) हंबकर असल्यास साधारण 7 ते 16 किलोओहम दिसावे. शून्य दिसल्यास कुठेतरी गरम तार ग्राउंडला शिवते आहे, आणि काहीच न दिसल्यास एखादा जोड सुटला आहे. ब्रिज आणि केबलचे बाहेरचे टोक यांत रोध जवळपास शून्य हवा. तारा चढवून शेवटचा फ्रेट दाबावा आणि पिकअपची उंची जाड तारेखाली सुमारे 2.5 ते 3, तर बारीक तारेखाली सुमारे 2 मिलिमीटर ठेवावी. दोन पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पातळ आणि नाकातला येत असेल, तर नव्या पिकअपची गरम तार आणि हिरवी तार यांची अदलाबदल करावी. उघडी तार ग्राउंडलाच राहू द्यावी.